‘मागलं विसर’ असं पौल नेमकं कशाबद्दल म्हणाला?

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि मग बायकोलाही वाचून दाखवला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात मांडतो. 2019 च्या शेवटी तुम्ही गावाकडे कोंबड्यांची शेड टाकली. स्वतःची शिल्लक कमी पडली म्हणून आपल्याच मंडळीतल्या तीन कुटुंबांकडून मिळून 2,70,000 रुपये घेतले. कागद केला नाही. ‘देवाने मला या कामाबद्दल वचन दिलंय’ एवढं सांगितलंत आणि त्यांनी पैसे काढून दिले. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये चिकन खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा उठली, भाव कोसळले, पाठोपाठ टाळेबंदी आली आणि शेड बसली. 1,10,000 तुम्ही फेडलेत, 1,60,000 राहिलेत. तेव्हापासून आपल्या चर्चची पायरी चढला नाहीत. नाताळला शेजारच्या तालुक्यात जाऊन मागच्या बाकावर बसून येता. आता मेहुणा पुन्हा शेड सुरू करू म्हणतोय. पाळकसाहेब बायबलातलं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र 3:13 उघडून सांगतात, मागलं विसर आणि पुढे चल. तुमचं म्हणणं, विसरता येत नाही, रात्री डोळा लागत नाही, मग अपयशातून विश्वासाने शिकायचं म्हणजे करायचं तरी काय?

मी 31 वर्षं नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात पाळक होतो, आता निवृत्त आहे. धंद्यात बुडालेले, संसार मोडलेले, दारू सोडून पुन्हा धरलेले बरेच जण माझ्या पडवीत बसून गेले आहेत. कोंबड्यांतलं मला काही कळत नाही, त्यामुळे नवी शेड चालेल की नाही हे मला विचारू नका. माणूस पडल्यावर काय करतो, एवढं मात्र जवळून पाहिलंय, आणि त्यात मी स्वतःही आहे.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि त्यांवर उत्तर बदलेल. त्या तीन कुटुंबांना धोक्याची कल्पना दिली होती का? पैसे उसने म्हणून घेतले की भागीदारी म्हणून? त्यातल्या कुणाची स्थिती आता हलाखीची आहे का? तुमच्या पत्नीला पूर्ण आकडा माहीत आहे का? पोलीस-कोर्टापर्यंत काही गेलं असेल तर आधी वकील गाठा, माझं हे पत्र नंतर वाचा. पुढे मी असं धरून चाललोय की तसं काही नाही, तुम्ही नोकरीत आहात आणि महिन्याकाठी चार पैसे बाजूला पडतात.

आता पाळकसाहेबांनी दाखवलेलं ते पौलाचं वचन. पाळकसाहेब चुकीचं वचन वाचत नाहीत, अर्धंच वाचतायत. तो अध्याय चौथ्या वचनापासून वाचा. पौल आपली बढाईची यादी देतो: आठव्या दिवशी सुंता झालेली, बन्यामिनाचा वंश, इब्र्यांचा इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, म्हणजे ते काटेकोर पाळणाऱ्या पंथातला. म्हणजे त्याची जात, घराणं, शिक्षण, सगळी प्रमाणपत्रं. मग तो म्हणतो की हे जे मला लाभाचं होतं ते मी ख्रिस्तासाठी हानी समजलो. तेराव्या वचनात ‘मागील गोष्टी’ येतात त्या या यादीनंतर. त्यात पहिल्यांदा येतात त्याचे विजय. चित्र धावणाऱ्याचं आहे, पुढच्याच वचनात लक्ष्य आणि बक्षीस येतं. धावणारा मागे वळून पाहत नाही, कारण वळला की पाय अडखळतो. मागे तो आघाडीवर होता की ठेचाळला होता, हा प्रश्नच नाही.

आणि पौलाने आपली चूक विसरली का? मुळीच नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, तो लिहितो की प्रेषित म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, कारण मी देवाच्या मंडळीचा छळ केला. तीमथ्याला लिहिताना स्वतःला निंदक आणि छळ करणारा म्हणतो. यरुशलेमात खवळलेल्या जमावापुढे तो हीच गोष्ट सांगतो आणि अग्रिप्पा राजापुढे पुन्हा तीच. ज्याला विसरायचं असतं तो राजापुढे उभा राहून ते उगाळत नाही. त्याच्या आठवणीतला डंख गेला होता, आठवण शाबूत होती. तुम्हाला हेच हवंय असं मला वाटतं. विसरणं हे तुमचं काम नाही, त्यामुळे ते जमत नाही म्हणून स्वतःला आणखी एक दोष लावून घेऊ नका.

आपल्याकडे म्हण आहे, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. लोक ती शहाणपणाची म्हणून वापरतात. मला ती नेहमी शिकण्याच्या नेमकी उलट वाटते. ताक कधी गरम असतं का? त्या माणसाला चटका बसला, पण चटका कशाने बसला हे त्याला कळलंच नाही. तो पांढऱ्या रंगाला भ्यायला लागला. तुम्ही चर्च सोडलंत ते असंच ताक फुंकणं आहे. चर्चमुळे शेड बुडाली नव्हती. आणि मेहुण्याच्या शेडला घाईघाईने हो म्हणालात तर ते दुसऱ्या टोकाचं होईल, तोच चटका पुन्हा घेण्याचं. दोन्हीकडे एकच गोष्ट राहून गेली आहे: चटका कशाचा होता हे बसून, नीट, पाहिलेलं नाही.

मी लोकांना एक दोनशेपानी वही आणायला सांगतो. मोबाइल नको, वहीच. त्यात घडलेलं सगळं तारखेवार लिहायचं, प्रार्थनेच्या भाषेत नाही, पंचनाम्याच्या भाषेत. कुणाला काय सांगितलं, किती घेतले, केव्हा कळलं की बुडतंय, कळल्यावर पहिला फोन कुणाला केला. मग त्या पानांवर परत जाऊन प्रत्येक ओळ कशात मोडते ते बघायचं: हातात नसलेली परिस्थिती, न कळल्याने झालेली चूक, की कळत असून केलेलं पाप. माणूस पडला की ही तिन्ही एका गाठोड्यात बांधतो आणि वर ‘मी नालायक’ अशी चिठ्ठी लावतो. गाठोडं सुटल्याशिवाय कशाचा पश्चात्ताप करायचा हेच कळत नाही. परिस्थितीसाठी पश्चात्ताप करता येत नाही आणि पापाला नुसतं ‘अनुभव’ म्हणून भागत नाही.

तुमच्या बाबतीत, बाहेरून पाहणारा म्हणून, मी असं वाटून ठेवीन. अफवा हा तुमचा दोष नाही. त्या काळात तुमच्याहून मोठे आणि जाणते कुक्कुटपालक कोलमडले. कुणी मिळेल त्या भावात पक्षी विकले, कुणी फुकट वाटले. यासाठी गुडघे टेकून क्षमा मागत बसू नका. स्वतःचं सगळं आणि उसनं सगळं एकाच मालात घातलंत, तीन महिने उत्पन्न थांबलं तर काय याचा विचार नव्हता, ही चूक आहे. धंदा करणाऱ्या कुणाही जाणत्या माणसाकडून ती शिकता येते. पण तिसरी गोष्ट जड आहे आणि तुमच्या पत्रात ती एकाच ओळीत निसटून गेली. ‘देवाने मला वचन दिलंय’ हे वाक्य. ते तुम्हाला मनापासून वाटलं असेल, मी खोटं म्हणत नाही. पण ते वाक्य तुम्ही कुठे वापरलंत? उपासनेत नाही, प्रार्थनेत नाही, पैसे मागताना वापरलंत. देवाला जामीनदार केलंत, त्याची सही न घेता. त्या तीन घरांनी तुमचा धंदा पाहून पैसे दिले नाहीत, तुमच्या तोंडचं देवाचं नाव ऐकून दिले. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको या आज्ञेचा अर्थ आपण शिवी-शपथेपुरता ठेवतो. माझ्या मते ती आज्ञा सगळ्यात जास्त मोडली जाते ती अशा ठिकाणी, अगदी भल्या लोकांकडून. तुमची झोप उडाली आहे ती 1,60,000 रुपयांनी नसावी, या वाक्याने असावी. चुकत असेन तर सोडून द्या.

यहोशवाच्या पुस्तकात आय नावाच्या लहानशा गावाची हकिकत आहे, सातव्या अध्यायापासून. इस्राएलांचा पुढारी यहोशवा याच्यापुढे यरीहो शहराचा कोट नुकताच पडलेला. हेर आयला जाऊन येतात आणि म्हणतात, सगळे लोक कशाला दमवायचे, दोन-तीन हजार पुरे. चढाई होते, पळ काढावा लागतो, 36 माणसं मारली जातात. मुळाशी आखान नावाच्या माणसाने लुटीतलं चोरून ठेवल्याचं पाप होतं हे शास्त्रच सांगतं, पण मला त्या हेरांचा सूर ओळखीचा वाटतो. कालच्या विजयाच्या भरवशावर आजचा आकडा ठरवायचा. यहोशवा संध्याकाळपर्यंत पालथा पडून राहतो आणि देव त्याला काय म्हणतो? ऊठ, असा पालथा का पडलास? आम्ही पाळक लोक रडणाऱ्याला रडू देतो, ते बरोबरच आहे, पण एका वेळेनंतर रडणंही तपास टाळण्याची जागा होऊन बसतं. मग तपास होतो, एकेक कूळ, एकेक घर. आठव्या अध्यायात त्याच आयवर पुन्हा चाल होते, यावेळी दबा धरून, नीट आखून, आणि गाव हाती येतं.

इथे प्रवचन संपवायला फार सोपं असतं. मी कित्येक वर्षं इथेच संपवायचो. पण नववा अध्याय वाचा. गिबोनी लोक फाटक्या जोड्यांनी, शिळ्या भाकरी घेऊन येतात, शेजारचेच असून दूरदेशचे आहोत म्हणतात, आणि हीच शिकलेली माणसं परमेश्वराला न विचारता करार करून मोकळी होतात. एक अध्याय, फक्त एक, तेवढ्यात धडा विसरला. म्हणून ‘मी आता शिकलो’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, काय शिकलात ते एका वाक्यात सांगा, आणि आता तुमच्या घरात किंवा व्यवहारात नेमकं काय वेगळं होतं ते दाखवा. दाखवता येत नसेल तर ती अजून भावनाच आहे.

आता माझं सांगतो, नाहीतर हे सगळं उंच जागेवरून बोलल्यासारखं होईल. सेवेच्या चौथ्या वर्षी नाताळात तरुण संघाने घरोघर गाणी म्हणून वर्गणी जमवली, त्यात 1,800 रुपये कमी भरले. पिशवी एका मुलाकडे होती. मी पुढच्या रविवारी उपदेशात, नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं, देवाच्या पैशाला हात लावणाऱ्याबद्दल बोललो. तो मुलगा दुसऱ्या रविवारी आला नाही. महिन्याभराने पैसे सापडले. दुसऱ्या गटाने वेगळे ठेवले होते आणि सांगायचं राहिलं होतं. त्या रात्री मी फार रडलो, क्षमा मागितली, मनाला शांती मिळाली आणि मी झोपलो. पुढची सहा वर्षं मी त्याच्या घरी गेलो नाही. मनाशी म्हणायचो, देवाने क्षमा केली, आता कशाला जुनं उकरायचं.

मग एकदा एसटी स्टँडवर तो भेटला. नमस्कार साहेब म्हणाला आणि तोंड फिरवून बसमध्ये चढला. दुसऱ्या आठवड्यात मी पत्ता काढून गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला. मी सगळं बोललो, त्या रात्रीचं रडणंसुद्धा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘साहेब, तुम्ही देवाला माफी मागितलीत ते बरं झालं. पण अपमान माझा झाला होता.’ यावर मला काही बोलता आलं नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं वचन मी शंभरदा वाचून दाखवलं असेल, वेदीजवळ दान ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. दान ठेवून जायचं असतं, हे मला एका चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षाच्या मुलाने सांगितलं. तो चर्चला परत आला नाही. आजही येत नाही.

त्यातून जे बदललं ते साधं आहे. वर्गणी मोजायला तीन माणसं आणि तिघांच्या सह्या, त्याच दिवशी. आणि चालू आठवड्यातल्या कुणाच्याही भानगडीवर त्या रविवारी उपदेशात अक्षर नाही. नियम कंटाळवाणे आहेत आणि त्यांची साक्ष कुणी उभं राहून देत नाही. पण सगळ्यात आधी पाहिजे होता तो त्यामागचा शोध: मला त्या दिवशी न्याय नको होता, मला कडक पाळक म्हणून दिसायचं होतं. हे कळायला मात्र नियम करण्यापेक्षा जास्त वर्षं लागली, आणि ती खोड अजूनही डोकं वर काढते. विचारा माझ्या मुलाला.

पेत्राकडे मी त्यामुळेच परत परत जातो. प्रभूला पकडलं त्या रात्री ‘मी त्याला ओळखत नाही’ असं तो तीनदा म्हणाला, ती नाकारण्याची रात्र आपल्याला पाठ आहे. योहानाच्या शुभवर्तमानात एक बारीक तपशील आहे. अठराव्या अध्यायात तो अंगणात शेकत उभा आहे ती कोळशाची शेकोटी. एकविसाव्यात तिबिर्याच्या समुद्राकाठी प्रभूने मासे भाजायला पेटवलेलाही कोळशाचाच विस्तव. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे आणि नव्या करारात तो या दोन ठिकाणांखेरीज येत नाही. म्हणजे प्रभू पेत्राला त्या रात्रीच्या वासाजवळ परत नेऊन बसवतो. आधी जेवू घालतो, मग तीनदा विचारतो, तीनदा नाकारलं होतं तसं. ‘जाऊ दे, झालं गेलं’ असं म्हणत नाही, तसंच चारचौघांत त्याची लाजही काढत नाही. तो प्रश्न फक्त प्रीतीबद्दल विचारतो आणि लगेच काम देतो, माझी मेंढरं चार. विश्वासाने शिकणं म्हणजे मला वाटतं हेच, जिथे पडलो त्या शेकोटीजवळ परत जाऊन बसणं, पण एकट्याने नाही, ज्याच्या हातची भाकर खातोय त्याच्यासमोर. एकट्याने गेलात तर तुम्ही तिथे स्वतःलाच फटके मारत बसाल. गेल्या पाच-सहा वर्षांत रात्री तुम्ही तेच करताय.

आणि तरी पेत्र पुन्हा चुकला. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय बघा. अंत्युखियात तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, यरुशलेमाकडची माणसं आली तसा पंगतीतून मागे सरला. कशाला भ्याला? लोक काय म्हणतील याला. अंगणातल्या दासीला भ्याला होता तेच भय, फक्त आता अंगावर प्रेषिताची झूल होती. पौलाने तोंडावर सुनावलं. मला हा अध्याय निराश करत नाही, उलट धीर देतो. एका अश्रूंच्या रात्रीत माणसाचा कच्चा दुवा जात नाही, पण तो कुठे आहे हे कळतं, आणि सोबत कुणीतरी पौल लागतो जो खडसावू शकेल. तुमचा पौल कोण आहे ते शोधा. मेहुणा नको, त्याचा शेडमध्ये हिस्सा आहे.

आता पैशाचं, कारण याविना बाकीचं सगळं वाऱ्यावर जाईल. जकातदार जक्कय प्रभूला पाहायला चढलेल्या झाडावरून उतरला, प्रभू त्याच्या घरी गेला, आणि क्षमा मिळालेला तो माणूस पहिलं काय बोलला? आकडे. निम्मी मालमत्ता गरिबांना, ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट. हे त्याने तारण विकत घेण्यासाठी केलं नाही. पाहुणा घरात आल्यावर त्याला तिजोरी उघडी टाकायची भीती उरली नाही, एवढंच. लेवीयात, सहाव्या अध्यायात, फसवून घेतलेल्या वस्तूची भरपाई मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा अशी सांगितली आहे. तुमची गोष्ट फसवणुकीची नाही, म्हणून तो नियम मी तुमच्या डोक्यावर ठेवत नाही. पण ते वाक्य, ते वचनाचं वाक्य, तुम्हाला टोचत असेल तर मुद्दल फिटल्यावर 32,000 मनाने वर द्यावेसे वाटतील, तेव्हा आठवा. आधी मुद्दल.

महिन्याला 4,000 जमत असतील तर 1,60,000 फिटायला 40 महिने लागतील. जास्त वाटतात ना? न फेडता गेलेली वर्षं याहून जास्त आहेत. तिन्ही घरी स्वतः जा, पत्नीला घेऊन, तिला आकडा आधी सांगून. एकदम सगळ्यांचं मोठं आश्वासन देऊ नका. तुम्ही आश्वासनांनीच अडचणीत आला होतात. साध्या कागदावर बाकी रक्कम आणि हप्ता लिहा, सही करा, त्यांच्याकडे एक प्रत ठेवा. आणि हे बोला: ‘देवाने वचन दिलंय असं मी तुम्हाला म्हणालो होतो, ते मी म्हणायला नको होतं.’ कोरोना, भाव, अफवा यातला एकही शब्द त्या वाक्याला जोडू नका. ते त्यांना माहीत आहे. ते क्षमा करतील का? मला सांगता येत नाही. ती त्यांची आणि देवाची गोष्ट आहे. कुणी दारातून परत पाठवेल, हप्ता मात्र ठेवून घेईल. चालेल. हप्ता चुकवू नका.

क्षमा आणि विश्वास टाकणं यात आपल्या मंडळ्यांत फार गल्लत होते. ‘क्षमा केली ना, मग कमिटीवर का घेत नाही’ असा वाद मी डझनभर वेळा ऐकलाय. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्याबरोबर सेवेच्या प्रवासाला निघालेल्या योहान मार्काकडे पाहा. पंफुल्यात तो पौल-बर्णबाला सोडून परत गेला. पुढच्या फेरीला बर्णबा त्याला न्यायचं म्हणाला, पौल नको म्हणाला, आणि एवढे जुने सोबती वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. कोण बरोबर? प्रेषितांची कृत्ये सांगत नाही, आणि मी उगाच ठरवत नाही. मार्काला दोघांची गरज होती असं मात्र वाटतं: एकाने हात धरला आणि एकाने सोडून जाण्याला सोडून जाणं म्हटलं. पुढे बऱ्याच वर्षांनी तुरुंगातून पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्काने बाजू मांडल्याची एक ओळ नाही. तो काम करत राहिला असावा.

म्हणून मेहुण्याची शेड. देव संधी देतोय की परीक्षा पाहतोय, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. बरेच जण म्हणतात, प्रार्थना केली आणि मनाला शांती वाटली, म्हणजे देवाची इच्छा. देवाच्या आज्ञेपासून पळणारा योना तार्शीशला जाणाऱ्या तारवात, वादळात, गाढ झोपला होता. त्याच्या मनालाही शांतीच असणार. शांती चांगली गोष्ट आहे, पुरावा नव्हे. मी तुमच्या जागी असतो तर वहीतल्या तिन्ही गोष्टी पुऱ्या होईपर्यंत, निदान हप्त्यांचं एक वर्ष न चुकता जाईपर्यंत, नव्या शेडला हात घातला नसता. त्यानंतरही मंडळीतल्या कुणाचा एक रुपया नको, आणि धंद्याबद्दल बोलताना देवाचं नाव नको. बँकेत वापरता येईल तीच भाषा मेहुण्याशी वापरा. कदाचित तोवर ती संधी जाईल. जाऊ दे.

एक कडू गोष्ट सांगतो. आपल्याकडे अपयशाची साक्ष लोक यश आल्यावरच देतात. आधी बुडालो होतो, आता बघा बंगला. त्यामुळे ज्याचा बंगला झालेला नाही त्याला वाटतं देवाने आपली गोष्ट अर्धी सोडली. पंडिता रमाबाईंचं उदाहरण आमच्या प्रवचनांत हमखास येतं: 1893 मध्ये पुण्यात त्यांच्या शारदा सदनावरून, म्हणजे विधवा मुलींच्या शाळेवरून, मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून वादळ उठलं, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि मग काही वर्षांत केडगावचं मुक्ती हे निराधार स्त्रियांचं आश्रयस्थान उभं राहिलं. खरं आहे. पण एक तर त्या वादळात रमाबाईंचं अपयश किती आणि विश्वासाची किंमत किती, हे ठरवणं सोपं नाही, आणि नुकसान झालं की प्रत्येक वेळी आपलं पापच शोधायचं नसतं. दुसरं म्हणजे केडगाव उभं राहिलं नसतं तरी 1893 मध्ये त्या उभ्या राहिल्या होत्या. तुमची शेड पुन्हा उभी राहिलीच पाहिजे असं शास्त्रात कुठे नाही.

झोपेबद्दल. स्तोत्र 32 मध्ये दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. काही झोप बोलण्याने परत येते, त्या तीन घरी जाऊन आलात की कळेल. पण सहा वर्षांची उडालेली झोप नुसत्या बोलण्याने येईलच असं नाही. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. मनोविकार तज्ज्ञांकडे जा. मंडळीत कुणी याला विश्वासाची कमतरता म्हणेल, म्हणू द्या. तेच लोक मधुमेहाची गोळी घेतात. आणि जगणं नको असा विचार येत असेल तर आजच 14416 वर फोन करा, ती सरकारी टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं. यहूदाने पैशासाठी प्रभूला धरून दिलं, पेत्राने नाकारलं; दोघांनी प्रभूला सोडलं, दोघं रडले-पस्तावले. फरक शोधताना मला एक गोष्ट दिसते. यहूदा पैसे परत करायला गेला तेव्हा याजक म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. पेत्र मात्र बाकीच्यांत राहिला. मासे धरायला निघाला तेव्हाही होडीत सात जण होते.

या रविवारी आपल्याच चर्चला जा. शेवटचा बाक नको, मधला. उपासना संपल्यावर घाईने चप्पल शोधू नका. आणि तीन घरांपैकी आधी कुठे जायचं असं विचाराल तर जिथे सगळ्यात कमी बाकी आहे तिथे नाही, जिथलं माणूस रस्त्यात दिसलं की तुम्ही गल्ली बदलता तिथे. मिठाई नेऊ नका. वही आणि पहिला हप्ता न्या.